आयर्लंडचा एक उमराव : लॉर्ड डन्सेनी

आयर्लंडचें नांव निघालें कीं हिंदी माणसाच्या डोळ्यांसमोर पार्नेल, डी व्हॅलेरा, मायकेल कॉलिन्स अशीं माणसें उभीं राहतात. तें साहजिकच आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालच्या एप्रिलअखेर बेळगांवीं होमरूल लीग स्थापिली, तेव्हां 'होमरूल' हा शब्द आयर्लंडच्याच राजकारणांतून इकडे आला होता. आणि योगायोग असा कीं त्याच आठवड्यांत डब्लिनच्या रस्त्यांवर बंदुका झडत होत्या. तें बंड ज्यांनीं उभारिलें त्यांच्या कथा आपल्याकडे पुष्कळ वाचल्या गेल्या आहेत. परंतु त्या आठवड्यांत डब्लिनच्या एका इस्पितळांत बंडवाल्यांच्या गोळीनें जखमी झालेला एक मनुष्य पडून होता, आणि तोहि आयरिशच होता. तो इंग्रज सरकारच्या सैन्यांतील कप्तान होता, आयर्लंडच्या अत्यंत जुन्या सरदार घराण्याचा प्रमुख होता, नाटककार होता, आणि क्रिकेटच्या खेळाचा मनस्वी षोकी होता. इतिहास जिंकणाऱ्यांचा लिहिला जातो असें म्हणतात; लॉर्ड डन्सेनी हा जिंकणाऱ्यांत नव्हता, आणि हरणाऱ्यांतहि त्याला पुरतें धरतां येत नाहीं. म्हणूनच त्याचें चरित्र पाहण्याजोगें आहे.

डब्लिनच्या वायव्येस कांहीं कोसांवर मीथ नांवाचा परगणा लागतो. सपाट, हिरवा, गुराढोरांनीं भरलेला असा हा मुलूख आहे. बाराव्या शतकांत नॉर्मन सरदार आयर्लंडांत उतरले, तेव्हां त्यांनीं आपल्या बचावासाठीं येथें किल्ले उठविले. डन्सेनीचा किल्ला हा त्यांपैकीं एक. पंधराव्या शतकापासून तो प्लंकेट घराण्याकडे आहे. हें घराणें मोठें विचित्र. याच कुळांतला ऑलिव्हर प्लंकेट हा कॅथलिक आर्चबिशप १६८१ सालीं लंडनमध्यें राजद्रोहाच्या खोट्या आरोपावरून देहदंड पावला आणि १९७५ सालीं रोमच्या पोपनें त्याला संतांच्या मालिकेंत बसविलें. पुढें डन्सेनीची शाखा प्रॉटेस्टंट पंथाला मिळाली आणि राजनिष्ठ झाली. तरीपण १९१६ च्या बंडाच्या जाहीरनाम्यावर ज्या सात जणांनीं सह्या केल्या त्यांत जोसेफ प्लंकेट हें नांव आहेच. एकाच आडनांवाचीं माणसें तटबंदीच्या दोन्ही अंगांस, असा हा प्रकार. आयर्लंडच्या इतिहासांत तो नवा नव्हे.

एडवर्ड जॉन मॉर्टन ड्रॅक्स प्लंकेट याचा जन्म २४ जुलै १८७८ रोजीं लंडनमध्यें झाला. बाळपण कांहीं इंग्लंडच्या केंट परगण्यांतील शोरहॅम गांवीं, आईकडील घरीं, व कांहीं मीथमधील किल्ल्यावर गेलें. ईटनच्या शाळेंत त्याचें शिक्षण झालें. तेथून सँडहर्स्टची लष्करी पाठशाळा व तेथून कोल्डस्ट्रीम गार्ड्स ही पलटण, असा त्याच्या वर्गाच्या मुलांचा ठरलेला रस्ता त्यानेंहि धरिला. १८९९ सालीं वडील वारले व एकविसाव्या वर्षीं तो अठरावा बॅरन डन्सेनी झाला. त्याच सुमारास बोअर युद्ध पेटलें. त्या युद्धांत तो दक्षिण आफ्रिकेंत लढला, आणि १९०१ सालीं परत येऊन आपल्या जहागिरीवर राहूं लागला. १९०४ मध्यें जर्सीच्या अर्लची धाकटी कन्या लेडी बिआट्रिस हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १९०६ मध्यें पार्लमेंटच्या निवडणुकीस हुजूर पक्षातर्फे उभा राहून तो पडला. राजकारणाचें त्याला पुन्हा वेड लागलें नाहीं, आणि हें त्याच्या व वाङ्मयाच्या दृष्टीनें बरेंच झालें.

सहा फूट चार इंच उंचीचा हा गृहस्थ. घोड्यावर बसावें, कोल्ह्यांची शिकार करावी, पिस्तुलाची नेमबाजी करावी (त्यांत तो एकदां सबंध आयर्लंडचा अजिंक्यवीर ठरला होता), बुद्धिबळें मांडावीं, आणि उन्हाळा आला कीं क्रिकेट खेळावें. बुद्धिबळांत तर त्याची गति अशी होती कीं जगज्जेता कापाब्लांका एकाच वेळीं अनेकांशीं खेळत असतां त्याच्याशीं डन्सेनीनें डाव बरोबरींत सोडविला होता. परंतु किल्ल्याच्या आसपासच्या लोकांना त्याची आठवण राहिली ती क्रिकेटमुळें. डन्सेनीच्या चौरस्त्याजवळ त्यानें स्वतःच्या जमिनींतून गांवाला क्रिकेटचें मैदान काढून दिलें, आणि तो स्वतः तेथें खेळत असे.

आजच्या श्रोत्यांस ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु आयर्लंडांत क्रिकेट ही किरकोळ बाब कधींच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा खेळ तिकडे केवळ साहेबांचा नव्हता. मीथ, किल्केनी, टिपेररी या परगण्यांतून शेतकऱ्यांचे व मजुरांचे कितीतरी संघ होते. गांवच्या जमीनदारानें मैदान द्यावें, त्याचा मुलगा व त्याच्या पागेंतला पोऱ्या यांनीं एकाच संघांतून उतरावें, असें सर्रास चालत असे. आयरिश राष्ट्राचा पुढारी चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल हा स्वतः जमीनदार, जमीनदारी मोडणाऱ्या चळवळीचा सेनानी, आणि विकलो परगण्याच्या क्रिकेट संघाचा कप्तान! या तिन्ही गोष्टींत विसंगति आहे असें त्या काळीं कोणास वाटलें नाहीं.

मग वाटूं लागलें. १८८४ सालीं थर्ल्स या गांवीं गेलिक क्रीडामंडळाची स्थापना झाली. हर्लिंगसारखे देशी खेळ जगवावे हा तिचा हेतु स्तुत्यच होता, आणि ते खेळ जगले ते तिच्यामुळेंच. गंमत अशी कीं तिचा संस्थापक मायकेल क्यूसॅक हाहि पूर्वीं क्रिकेट खेळलेला होता. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं या मंडळानें असा निर्बंध घातला कीं जो सभासद परकी खेळ खेळेल त्यास मंडळांतून काढावें. क्रिकेट, रग्बी, हॉकी, फुटबॉल हे सारे 'परकी' ठरले. पुढें तर ते पाहणेंहि गुन्हा झाला. १९३८ मध्यें खुद्द आयर्लंडचा पहिला अध्यक्ष डग्लस हाइड याला एक फुटबॉलचा सामना पाहिल्याबद्दल मंडळाच्या आश्रयदातेपणांतून वगळण्यांत आलें. हा निर्बंध १९७१ पर्यंत उठला नाहीं. म्हणजे डन्सेनीनें मैदान बांधावें आणि देशानें त्याच वेळीं त्या मैदानाकडे पाठ फिरवावी, असें झालें. अर्थात् दोष एकट्या निर्बंधाचा नव्हे. मैदान जमीनदाराचें होतें. तें गांवाचें कधींच झालें नाहीं. ज्याचा पाया एका माणसाच्या मर्जीवर असतो, तें त्या माणसाबरोबर जातें, ही गोष्ट त्या चांगल्या सरदारांच्या ध्यानांत आली नाहीं.

डन्सेनी पुस्तकरूपानें लोकांपुढें आला तो १९०५ सालीं. 'पेगानाचे देव' हें त्याचें पहिलें पुस्तक त्यानें पदरचे पैसे खर्चून छापविलें. पुन्हा तशी पाळी त्याच्यावर आली नाहीं. त्यांत कोणत्याहि धर्मग्रंथांत नसलेले देव आहेत, कोणत्याहि नकाशावर नसलेले देश आहेत. हंसाचें पीस स्वतः कापून त्याची लेखणी करावी, आणि एकटाकी लिहून मोकळें व्हावें, अशी त्याची लिहिण्याची रीत होती. कवि येट्स याच्या सांगण्यावरून त्यानें डब्लिनच्या ॲबे नाट्यगृहासाठीं १९०९ मध्यें एक छोटें नाटक लिहिलें, आणि मग नाटकांचा ओघच सुरू झाला. 'सराईंतील एक रात्र' ही त्याची एकांकिका हिंदुस्थानांतील महाविद्यालयांतून इंग्रजी शिकणाऱ्या अनेकांना परिचित असेल. हिंदी देवळांतील मूर्तीच्या डोळ्याचें माणिक चोरून आणणारे इंग्रज खलाशी, त्यांच्या मागावर आलेले तीन पुजारी, आणि त्यांच्यामागून पावलें टाकीत येणारी ती आंधळी मूर्ति, असें तिचें कथानक. ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर प्रथम आली ती १९१६ च्या एप्रिलमध्येंच. अमेरिकेंत त्याच्या नाटकांवर टाळ्या पडत होत्या आणि इकडे नाटककाराच्या कवटींत गोळी होती.

त्या गोळीकडे वळण्यापूर्वीं एका दुसऱ्या माणसाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून डन्सेनीचें आयुष्य उमगत नाहीं.

डन्सेनीच्या किल्ल्यापासून कांहीं मैलांवर बॉइन नदीच्या कांठीं स्लेन नांवाचें खेडें आहे. तेथें फ्रान्सिस लेडविज नांवाचा एक तरुण मजूर राहत असे. १८८७ चा जन्म. बाप लहानपणींच गेलेला. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. कधीं शेतावर राबावें, कधीं रस्त्याची खडी फोडावी, कधीं तांब्याच्या खाणींत उतरावें. खाणींत मजुरांना वाईट वागविलें जात होतें म्हणून त्यानें संप घडविला व नोकरी गमावली. पुढें तो मजूरसंघाच्या शाखेचा चिटणीस झाला. हा मनुष्य कविता करीत असे. १९१२ सालीं त्यानें आपली कवितांची वही लॉर्ड डन्सेनीकडे पाठविली व त्यांचें मत विचारलें.

अशा वह्या मोठ्या लोकांकडे पुष्कळ जातात, आणि बहुतेक तशाच परत येतात. डन्सेनीनें वही वाचली, लेडविजला बोलाविलें, किल्ल्यावरील ग्रंथालय त्याला मोकळें करून दिलें, डब्लिनच्या साहित्यिकांशीं त्याची ओळख करून दिली, कवितांची निवड केली, प्रकाशक शोधला आणि प्रस्तावना लिहिली. जहागीरदार व रस्त्यावरचा मजूर, प्रॉटेस्टंट व कॅथलिक, ब्रिटिश साम्राज्याचा अभिमानी व स्वातंत्र्यवादी: कोणत्याहि बाजूनें पाहिलें तरी हे दोघे एका ठिकाणीं येण्याचें कारण नव्हतें. लेडविज हा स्लेन गांवच्या आयरिश स्वयंसेवक दलाच्या संस्थापकांपैकीं एक होता. दोघांनाहि एकमेकांचीं मतें ठाऊक होतीं. मैत्रीला त्यांची अडचण झाली नाहीं.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें. डन्सेनी इनिस्किलिंग फ्युझिलियर्स या आयरिश पलटणींत कप्तान म्हणून रुजू झाला. त्या ऑक्टोबरांत लेडविजहि त्याच पलटणींत साधा शिपाई म्हणून दाखल झाला. डन्सेनीनें त्याला परोपरीनें समजाविलें होतें, सैन्यांत न जाशील तर पोटापाण्याची तजवीज मी करीन असेंहि सांगितलें होतें. लेडविजनें ऐकलें नाहीं. आयर्लंडच्या आणि आपल्या संस्कृतीच्या सामायिक शत्रूशीं दुसऱ्यांनीं लढावें व आपण घरीं बसून ठराव करावे, हें त्याला पटेना. तो गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर लढला, बाल्कनच्या बर्फांत आजारी पडला. त्याचें पहिलें पुस्तक १९१५ सालीं निघालें तेव्हां तो रणांगणावर होता.

आतां त्या एप्रिलकडे. सोमवार, २४ एप्रिल १९१६. ईस्टरच्या सुटीचा दिवस. पॅट्रिक पीअर्स व जेम्स कॉनली यांच्या नेतृत्वाखालीं हजार-दीड हजार लोकांनीं डब्लिनचें मुख्य टपालघर व शहरांतील इतर मोक्याच्या इमारती काबीज करून आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा केली. डन्सेनी त्या वेळीं रजेवर, आपल्या किल्ल्यावर होता. बातमी कळतांच तो मोटारींतून डब्लिनला निघाला. तो सैन्यांतला अधिकारी होता. शहरांत लढाई चालली असतां घरीं बसणें त्याच्या बुद्धीला मानवणारें नव्हतें. लिफी नदीच्या कांठीं फोर कोर्ट्स या न्यायमंदिराच्या बाजूस बंडवाल्यांनीं रस्त्यावर अडसर घातला होता. मोटार त्यावर येऊन ठेपली आणि गोळ्या सुटल्या. एक गोळी त्याच्या चेहऱ्यांत शिरून आंत अडकली. ज्यांनीं गोळी घातली त्यांनींच त्याला पकडून इस्पितळांत पोंचतें केलें. पुढचे दिवस त्यानें भोंवतालच्या गोळीबाराचा आवाज ऐकत बिछान्यावर काढले. या धांवपळींत त्याचा लष्करी पट्टा गहाळ झाला; सहा वर्षांनीं मायकेल कॉलिन्स मारला गेला तेव्हां त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं जो पट्टा वापरला तो हाच होता, असें सांगतात.

शनिवारीं बंडवाले शरण आले. मे महिन्याच्या ३ तारखेपासून त्यांच्या पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यास प्रारंभ झाला. पहिल्याच दिवशीं कवि टॉमस मॅक्डोना गेला. तो लेडविजचा स्नेही. दुसऱ्या दिवशीं जोसेफ प्लंकेट गेला. त्याचें लग्न तुरुंगाच्या प्रार्थनामंदिरांत कांहीं तासांपूर्वीं लागलें होतें. बारा तारखेपर्यंत पंधरा जण संपविण्यांत आले. बंडाच्या दिवसांत डब्लिनचे जे लोक बंडवाल्यांवर चिडले होते, तेच या देहदंडाच्या सत्रानंतर त्यांचीं चित्रें भिंतीवर लावूं लागले. शासन किती मूर्खपणा करूं शकतें याचें याहून ठळक उदाहरण त्या काळांत दुसरें क्वचितच सांपडेल.

लेडविज तेव्हां दुखणें घेऊन परत आलेला होता. ज्या सरकारचा गणवेष अंगावर, त्याच सरकारनें त्याच्या मित्रांना भिंतीशीं उभें केलेलें! मॅक्डोनावर त्यानें विलापिका लिहिली ती आयर्लंडांत अजूनहि पाठ म्हटली जाते. रजेची मुदत संपल्यावर तो उशिरा परतला, दारूच्या नशेंत बोलूं नये तें बोलला, लष्करी न्यायासनापुढें उभा राहिला आणि त्याची पदावनति झाली. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत तो व डन्सेनी उत्तर आयर्लंडांतील डेरीच्या छावणींत पुन्हा एकत्र आले. एकाच्या चेहऱ्यावर बंडवाल्यांच्या गोळीचा व्रण, दुसऱ्याच्या मनांत बंडवाल्यांचा शोक. अशा दोन माणसांनीं त्या छावणींत बसून काय केलें? त्यांनीं पुढच्या पुस्तकासाठीं कविता लावल्या. बंडाच्या पुढाऱ्यांवरील शोकाच्या कवितांसह लेडविजचें साहित्य त्याच बंडांत घायाळ झालेल्या कप्तानानें संपादिलें. डन्सेनीच्या साऱ्या आयुष्यांत याहून मोठी गोष्ट दुसरी नाहीं, मग त्याच्या भक्तांना त्याच्या काल्पनिक कथा कितीहि थोर वाटोत.

३१ जुलै १९१७ रोजीं बेल्जममध्यें, ईप्रजवळ, लेडविज व त्याचे सोबती चिखलांत लांकडी फळ्यांचा रस्ता घालीत होते. चहासाठीं थांबले असतां तोफेचा गोळा पडला. रस्ते बांधणारा हा कवि रस्ता बांधतांबांधतांच, तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गेला. त्याचें उरलेलें काव्य १९१८ सालीं डन्सेनीनेंच प्रसिद्ध केलें.

युद्धानंतरचा आयर्लंड डन्सेनीच्या ओळखीचा राहिला नव्हता. १९१९ पासून गनिमी लढाई सुरू झाली. त्या धामधुमींत ब्रिटिश सैन्यानें डन्सेनीच्या किल्ल्याची झडती घेतली. काय सांपडलें? दोन दुनळी बंदुका, पक्षी मारण्याच्या दोन लहान रायफली, इशाऱ्याचीं चार पिस्तुलें, एक स्वयंचलित पिस्तूल आणि बरीचशी काडतुसें. शिकारी सरदाराच्या घरांत दुसरें सांपडणार तरी काय? पण कायदा कडक होता. फेब्रुवारी १९२१ मध्यें लष्करी न्यायालयानें त्याला दोषी ठरवून पंचवीस पौंड दंड, न भरल्यास तीन महिने कैद, अशी शिक्षा दिली. ज्या राजासाठीं त्यानें दोन युद्धें पाहिलीं, ज्याच्या बाजूनें डब्लिनमध्यें गोळी खाल्ली, त्याच राजाच्या अंमलदारांनीं त्याला शस्त्रें बाळगल्याचा गुन्हेगार केला. पांच वर्षांपूर्वीं एका पक्षाची गोळी, आतां दुसऱ्या पक्षाचा दंड!

त्याच वर्षीं ३ जून रोजीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मैदानावर आयरिश खेळाडू व ब्रिटिश लष्करी अधिकारी यांचा क्रिकेटचा सामना चालू होता. कुंपणाच्या गजांतून कोणी तरी मैदानाच्या दिशेनें गोळ्या झाडल्या. सामना पाहत बसलेली एकवीस वर्षांची एक विद्यार्थिनी ठार झाली. खेळाच्या मैदानावर तरी माणूस सुरक्षित असावा ही समजूत त्या दिवशीं आयर्लंडांत संपली.

पुढें करार झाला, ब्रिटिश पलटणी गेल्या, आणि करार मानणारे व न मानणारे आपसांत लढूं लागले. त्या चार वर्षांत अडीचशेंहून अधिक जमीनदारी वाडे जाळले गेले. डन्सेनीचा चुलता सर होरेस प्लंकेट यानें आयर्लंडच्या शेतकऱ्यांसाठीं सहकारी दूधसंघ व पतपेढ्या उभारण्यांत जन्म घालविला होता. तो नव्या सरकारच्या वरिष्ठ सभेंत बसला एवढ्याच कारणावरून १९२३ च्या जानेवारींत त्याचा फॉक्सरॉक येथील वाडा उडविण्यांत व जाळण्यांत आला. डन्सेनीचा किल्ला मात्र वांचला. पुष्कळ सरदार घरेंदारें विकून इंग्लंडला गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मैदानांवरील क्रिकेटहि गेलें. पलटणींचे संघ नाहींसे झाले, वाड्यांचे संघ नाहींसे झाले, खेडुतांचे संघ हर्लिंगकडे वळले. डब्लिन, कॉर्क यांसारखीं शहरें आणि उत्तरेकडील कांहीं परगणे एवढ्यापुरता तो खेळ उरला.

डन्सेनी गेला नाहीं. निदान पुरता गेला नाहीं. वर्षाचा कांहीं भाग केंटमध्यें व कांहीं मीथमध्यें असा त्याचा क्रम राहिला. पण आयर्लंडांत राहणें व आयरिश म्हणून मान्य होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी. १९३२ सालीं येट्सच्या पुढाकारानें आयरिश साहित्य अकादमी निघाली, तेव्हां डन्सेनीस पूर्ण सभासद न करतां सहयोगी म्हणून घेण्याचें ठरलें. कारण असें कीं त्यानें आयर्लंडविषयीं लिहिलेलें नाहीं. सातशें वर्षांच्या किल्ल्यांत राहणाऱ्या माणसाला हें लागलें. त्याचें उत्तर म्हणून त्यानें वाद घातला नाहीं. 'शहाण्या बाईचा शाप' ही कादंबरी लिहिली. आयर्लंडची दलदल, तिच्यावर उतरणारे रानहंस, ती दलदल उपसून पैसा काढूं पाहणारी कंपनी, आणि तिला शाप देणारी एक म्हातारी. कादंबरी १९३३ मध्यें आली आणि अकादमीला तिला पारितोषिक द्यावें लागलें.

दुसरें महायुद्ध आलें तेव्हां तो साठीच्या पलीकडे होता. तरी केंटमध्यें गृहरक्षक दलांत तो उभा राहिला. १९४० सालीं अथेन्स येथील बायरन अध्यासनावर इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. लांबच्या वळणानें तो तेथें पोंचला, आणि १९४१ च्या एप्रिलांत जर्मन फौजा आल्या तेव्हां जीव घेऊन त्याला निघावें लागलें. त्याचा एकुलता एक मुलगा रँडल हा हिंदी सैन्यांतील गाइड्स घोडदळांत अधिकारी होता. १९४७ सालीं मीथमधील जहागीर मुलाच्या हातीं सोंपवून डन्सेनी शोरहॅमला राहावयास गेला. तेथें तो जनावरांवरील क्रूरतेविरुद्ध झगडे. कुत्र्यांच्या शेपट्या कापण्याच्या चालीचा तर त्याला विलक्षण संताप येई. जन्मभर शिकार करणाऱ्या माणसाच्या ठिकाणीं ही करुणा कोठून आली याचें कोडें कोणास उलगडलें नाहीं. शोरहॅमच्या क्रिकेट क्लबाशींहि त्याचा निकट संबंध होता.

क्रिकेटवर त्यानें ज्या थोड्या गोष्टी लिहिल्या, त्यांतील एक उतारवयांतील आहे. शरद ऋतूंतल्या थंड संध्याकाळीं, खेळाचा हंगाम संपल्यावर, एक म्हातारा रिकाम्या मैदानाच्या कडेला बांकावर बसून राहतो. लोकांना वाटतें कीं त्याला भ्रम झाला. म्हाताऱ्याला मात्र तेथें सामना चाललेला दिसत असतो. पूर्वीं होऊन गेलेले खेळाडू उतरलेले असतात. डन्सेनीच्या गोष्टींतील भुतें एरवीं भीति घालण्यास येतात. हीं केवळ खेळावयास येतात.

२५ ऑक्टोबर १९५७ रोजीं आंत्रपुच्छाच्या विकारानें डब्लिनमध्यें त्याचा अंत झाला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याला शोरहॅमच्या चर्चच्या आवारांत पुरण्यांत आलें. जन्म इंग्लंडांत, मृत्यु आयर्लंडांत, माती इंग्लंडची.

त्यानंतर साठ वर्षांनीं, २०१७ सालच्या जूनमध्यें, आयर्लंडला कसोटी क्रिकेट खेळण्याचा अधिकार मिळाला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांत पाकिस्तानाविरुद्ध पहिला कसोटी सामना ठरला. त्यासाठीं जें मैदान निवडलें तें डब्लिनच्या उत्तरेस मॅलाहाइड येथें, टॅलबट सरदारांच्या जुन्या किल्ल्याच्या आवारांत आहे. टॅलबट आणि प्लंकेट यांच्यांत पूर्वीं सोयरिकी झालेल्या होत्या. तो किल्ला आतां सरकारी मालकीचा असून त्याचीं बागबगीचे व कुरणें सर्वांना खुलीं आहेत. ११ मे रोजीं देशोदेशींचे लोक तेथें जमले; पण आयर्लंडचा पाऊस कोणाचें ऐकतो? त्या दिवशीं एकहि चेंडू टाकला गेला नाहीं. खेळ दुसऱ्या दिवशीं सुरू झाला.